रतीबाची घोडी

दांडा सेकंदाला दोनदा फिरवायचा.
घड्याळ नको. आई चादरी पिळताना जे गुणगुणायची
ते मनात धरलं की चाल चुकत नाही.
एवढंच येत होतं मला, आणि तेवढ्यावर नोकरी.

बेव्हर्लीच्या शर्यती, जून, एकोणीसशे एक.
वेस्टवुडच्या माळावरून गाई हुसकून
तंबू ठोकले होते: आल्याच्या केकचे, मुष्टियुद्धाचे,
दोन डोक्यांच्या वासराचा (भुसा भरलेलं, पण डोकी दोन),
आणि पार टोकाला आमचा, काळा,
उजेड शिरू नये म्हणून दुहेरी शिवलेला.
बाहेर पाटी: आजची शर्यत उद्या रात्री. एक पेनी.

फिल्म होती साठ फूट. म्हणजे एक मिनिट.
निशाण पडलं, मी दांडा धरला,
घोडे सुटले
आणि परत बोलावले गेले. एकानं आधीच झेप घेतली होती.
"थांब!" पिकर्सगिल ओरडला म्हणे.
पाळण्याच्या वाफेच्या बाजानं तो शब्द गिळला.
मी फिरवत राहिलो.
फिल्मवर आलं ते असं:
शेपट्या.
एक बाई, टोपी दाबून धरलेली, आमच्याकडे बघतेय,
जणू आम्हीच धावणार आहोत.
एक कुत्रा.
मग खरी शर्यत झाली. चुरशीची झाली, असं ऐकलं.

पिकर्सगिल हात उगारत नसे. टोपी काढायचा,
आत डोकावायचा, पुन्हा घालायचा.
त्या संध्याकाळी त्यानं तसं तीनदा केलं.
रात्री हलहून शेवटच्या गाडीनं साठ फूट उधार आणले.

पहाटे चारला जेबेझ औथवेटनं
दुधाच्या किटल्या उतरवून घोडी सोडली.
टॅन्सी. वय सोळा, पाठीची झोळी झालेली.
खाटकाच्या पोराला पिकर्सगिलबाईंचा रेशमी ब्लाउज;
रंगाचं काय, सगळं करडंच दिसणार.
पांढऱ्या खांबापाशी अकरा माणसं, टोप्या उडवायला.
बाकीची गर्दी धुक्यानं पुरवली, फुकटात.

आणि टॅन्सी धावली. खोटं नाही सांगत, धावली.
मागे गाडी नाही, हे तिला बहुधा
जन्मात पहिल्यांदा कळलं होतं.
मी आईचं गाणं म्हणतोय, खांब जवळ येतोय,
आणि खांबाशी ती थबकली.
पांढरा खांब म्हणजे ऑल्डरसनबाईंचं फाटक. तिथं दीड पाइंट.
मान डावीकडे वळवून ती वाट बघत राहिली.
खाटकाचा पोर मात्र तिच्या डोक्यावरून
पहिला आला.

ते शेवटचं पिकर्सगिलनं कात्रीनं उडवलं.

रात्री तंबूत मुंगीला जागा नव्हती.
ढोल वाजला, पडद्यावर घोडी आली, टोप्या उडाल्या.
"ती माझी टोपी!" कुणी तरी शपथेवर सांगितलं.
जिंकलेले पुन्हा जिंकले, हरलेल्यांनी पुन्हा शिव्या घातल्या.
मागच्या बाकावर खरा जॉकी बसला होता,
लहानखुरा, मनगटाला पट्टी. गप्प.
आणि अंधारातून एक पोरगी:
"आई, ही तर आपली टॅन्सी!"

ढोलवाल्याचा हात वरच राहिला.
पिकर्सगिलनं टोपी काढली. आत बघितलं.
मग कुणी तरी खुदकन हसलं, मग बाक हसले,
मग ऑल्डरसनबाई उभ्या राहून म्हणाल्या,
"अहो, पुन्हा लावा!"
तीन रात्री लावली. आख्ख्या गावाचा रतीब
एका पेनीत जिंकत होता.
जॉकी दुसऱ्या रात्रीही आला. जाताना मला म्हणाला,
"बसतो बरा तो पोरगा. पण ती नंतर थांबली असणार.
कान बघ तिचे."

कात्रीतला तुकडा मी उचलला होता.
आठ चौकटी, करंगळीएवढ्या.
फिल्म कुठल्या जत्रेत जळाली, मग पिकर्सगिलही गेला.
हे एवढं माझ्या तंबाखूच्या डबीत.
घ्या, खिडकीकडे धरा. कडेनं धरा, बोटं उमटतात.
दिसली?
कुठल्याच फाटकाकडे बघतेय ती. धुकं आहे तिथं.
अजून कुणी भांडं घेऊन आलेलं नाही.